निरुपाधिक उन्हाळा

"सर, ह्याचा उपयोग काय?" असा प्रश्न एका पालकाने मला २०१९ च्या मार्च महिन्यात विचारला, आणि त्याचे सरळ उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. आजही देता येईल अशी माझी खात्री नाही. परंतु मधल्या काळात त्या प्रश्नाच्या पोटी दुसरा एक अधिक अवघड प्रश्न जन्मास आला. तो माझ्याच हातून घडलेल्या एका कृत्यामुळे आला असल्याने त्याची चर्चा वाचकांपुढे करण्याचे योजिले आहे.

हकीकत थोडक्यात अशी. आमच्या गडहिंग्लजच्या जवळ, हिरण्यकेशीच्या काठी, एक खेडे आहे. तेथील एका शेतकऱ्याची मुलगी इंग्रजी विषय घेऊन बी. ए. च्या शेवटच्या वर्षात शिकत होती. वर्गात ब्राउनिंगच्या कविता चालल्या असता त्या कवितांतील इटलीने तिच्या मनाची अशी काही पकड घेतली की तिने कोणास न सांगता, घरच्या घरी, मोबाईलच्या साहाय्याने इटालियन भाषेचा अभ्यास सुरू केला. वर्ष-दीड वर्षात तिची इतकी प्रगती झाली की उर्बिनो नावाच्या एका लहान इटालियन गावी उन्हाळ्यात चार आठवडे राहून ती भाषा शिकण्याची संधी तिच्यापुढे आली. शिकवणीच्या शुल्कात काही सूट मिळणार होती. परंतु विमानभाडे, व्हिसा, राहणे, जेवणखाण हे सर्व धरून खर्च दोन लाखांच्या घरात जात होता. ह्यातून पदवी मिळणार नव्हती, नोकरीचा संभव नव्हता, लग्नाच्या बाजारात भाव वाढण्याचीही आशा नव्हती. किंबहुना तो उतरण्याचीच भीती अधिक. अशा स्थितीत बापाने उपयोग विचारला तर त्यास अरसिक म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

मी त्या गृहस्थास "नको" असा सल्ला दिला. तेवढ्या पैशात शिक्षणशास्त्राची पदवी होईल, पुण्यास ठेवून स्पर्धापरीक्षेची तयारी करविता येईल, असे व्यवहाराचे चार शब्द सांगितले. ते निघून गेले आणि रात्री मला झोप लागेना. कारण माझ्या सल्ल्यात हित किती आणि असूया किती, ह्याचा हिशेब माझे मन मागू लागले. तीस वर्षे मी ब्राउनिंग शिकवीत आहे. फ्लॉरेन्स शहर मी चित्रांखेरीज पाहिलेले नाही. तरुणपणी एकदा जाण्याचा योग जुळत आला होता, तो जुळला नाही. जे आपणास मिळाले नाही ते निरुपयोगी होते असे ठरविण्याची मनुष्याच्या मनास मोठी हौस असते. पुढल्या रविवारी मी आपण होऊन त्या खेड्यात गेलो व माझा शब्द मागे घेतला. वडील गप्प बसले. तिचा थोरला भाऊ, ज्याने बारावीनंतर शाळा सोडून शेत सांभाळले होते, तो बैलांना वैरण घालता घालता म्हणाला, "जाऊ दे तिला. उसाचं बिल आलंय." विषय तेथे संपला.

येथे त्या 'उपयोग' शब्दाचा थोडा विचार केला पाहिजे. शाळा ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द ज्या ग्रीक शब्दापासून निघाला त्याचा मूळ अर्थ 'फुरसत' असा आहे, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. आपण राबतो ते फुरसत मिळावी म्हणून, असे ॲरिस्टॉटल सांगतो. आणि त्या फुरसतीत मनुष्य जे करतो त्यास उपयोगाचे माप लावणे हे, त्याच्या मते, शेवटास साधनाच्या मापाने मोजण्यासारखे आहे. हा विचार मला फार दिवस रुचत आला आहे, व वर्गात तो मी मोठ्या रसाने सांगतो. परंतु त्या फुरसतीच्या खाली गुलामांचे श्रम होते व ते असणे त्या तत्त्वज्ञास स्वाभाविक वाटत होते, हेही सांगावयास हवे. ते मी बहुधा तास संपता संपता सांगतो. बैलांना वैरण घालणारा तो तरुण पाहिला तेव्हा हा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटू लागला.

आपल्याकडे ह्याच विषयास दुसऱ्या बाजूने जाण्याची वाट आहे. 'उपाधी' हा शब्द पाहा. कोणास मिळालेला किताब ही उपाधी. संसारातील कटकट हीही उपाधी. आणि वेदान्तात, आकाश एकच असता घटामुळे ते जसे वेगळे भासते, तसे मूळ वस्तूस चिकटून तिला मर्यादित दाखविणारे जे काही ती उपाधी. तिन्ही अर्थ एका शब्दात नांदावे हे आपल्या भाषेचे शहाणपण आहे असे मला नेहमी वाटते. त्या मुलीस मी निघताना जे सांगितले ते ह्याच धोरणाने सांगितले. म्हटले, तू कोणाची मुलगी, कोणत्या आडनावाची, कोणत्या आळीतली, तुझे लग्न ठरले की नाही, हे तेथे कोणास ठाऊक नसेल. चार आठवडे तू केवळ शिकू इच्छिणारे एक माणूस असशील. असा निरुपाधिक काळ आपल्या समाजात पुरुषास क्वचित व स्त्रीस जवळजवळ कधीच मिळत नाही. तोच ह्या प्रवासाचा उपयोग असे समज.

परदेशी गेल्याने स्वदेशाची किंमत कळते, असे जे लोक म्हणतात ते मला पटत नाही. तेवढ्यासाठी इतके भाडे भरण्याची गरज नाही; कोल्हापूरच्या एखाद्या वसतिगृहात आठ दिवस जेवले तरी घरची किंमत कळते.

इटलीचे नाव आमच्या करवीर संस्थानाच्या इतिहासात एका दुःखद कारणाने कोरले गेले आहे, आणि त्या मुलीच्या प्रवासाच्या निमित्ताने मी तो भाग पुन्हा वाचला. छत्रपती राजाराम महाराज १८६६ साली गादीवर आले तेव्हा सोळा वर्षांचे होते. मे १८७० मध्ये ते युरोपच्या प्रवासास निघाले. राज्यावर असलेल्या हिंदू राजाने समुद्र ओलांडून विलायतेस जाणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती, आणि धर्माभिमानी मंडळींस ती रुचणारी नव्हती. तो उन्हाळा त्यांनी इंग्लंडात घालविला. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी त्यांच्या बरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट ह्यांनी संपादून १८७२ साली लंडनात प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर महाराजांस दुखणे जडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, फ्लॉरेन्स येथे त्यांचा अंत झाला.

ती रोजनिशी वाचताना मन विषण्ण होते. लेखणी मोठी सरळ व प्रामाणिक आहे. आज अमुक स्थळ पाहिले, अमुक गृहस्थांची भेट झाली, अशी वाक्यांमागून वाक्ये येतात. परंतु ह्या वीस वर्षांच्या तरुणास कोणी ओळखत नाही असा एकही दिवस, निदान मला तरी, तीत आढळला नाही. तो जेथे जाई तेथे कोल्हापूरचा राजा म्हणून जाई. पाहणारा तो, आणि पाहिला जाणाराही तोच. अंगावर राज्य, बरोबर परिवार, मागे साम्राज्य सरकारची नजर, आणि पुढे प्रत्येक दिवसाचा आखलेला कार्यक्रम. इतक्या उपाधी असलेल्या मनुष्यास शिकण्यास जागा कोठून राहणार? तरीही जिज्ञासा मधूनमधून डोकावते, आणि तेथेच वाचकास हळहळ वाटते.

फ्लॉरेन्स हे त्या वेळी इटलीच्या राज्याची राजधानी होते. कॅथलिक देशात प्रेतास अग्नी देणे ही लोकांस अपरिचित, किंबहुना अप्रिय गोष्ट. तथापि त्या परक्या राजाचा अंत्यसंस्कार त्याच्या धर्माप्रमाणे व्हावा अशी परवानगी तेथील अधिकाऱ्यांनी दिली, आणि शहराबाहेरच्या कॅशिने उद्यानाच्या टोकाशी, जेथे मुन्योने हा ओढा आर्नो नदीस मिळतो तेथे, रात्रीच्या वेळी दहन झाले. संगमावर दहन व्हावे ह्या आपल्या समजुतीचा मान परमुलखात राखला गेला. पुढे १८७४ साली त्या जागी छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. छत्रीची योजना मेजर मॅन्ट ह्यांची. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच. पुतळा फुलर नावाच्या शिल्पकाराचा. शहरातील लोक त्या जागेस नुसते 'इंडियानो' म्हणतात, आणि जवळच १९७० च्या दशकात झालेल्या मोठ्या पुलासही तेच नाव पडले आहे. राजाराम हे नाव दगडावर आहे. लोकांच्या तोंडी 'तो हिंदी मनुष्य' एवढेच उरले. कोल्हापुरात मात्र त्यांच्या नावाने महाविद्यालय आहे, आणि त्याच्या वर्गांतून ज्या पिढ्या शिकून गेल्या त्यांपैकी कितीजणांस हा राजा विद्यार्थिदशेतच गेला हे ठाऊक असेल, ह्याची मला शंका आहे.

मुलगी जुलैच्या अखेरीस निघाली. त्यांचा उन्हाळा तो आपला आषाढ-श्रावण, ही गोष्ट सल्ले देताना माझ्या ध्यानातच आली नव्हती. गडहिंग्लजला आगगाडी नाही, तशी उर्बिनोलाही नाही. तेथील रूळमार्गावरून १९८७ पासून गाडी धावलेली नाही. किनाऱ्यावरच्या पेझारो गावी उतरून बसने डोंगर चढावा लागतो. वस्ती पंधरा हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या गावापेक्षाही लहान. परंतु विद्यापीठ १५०६ सालचे, आणि राफाएल हा चित्रकार जेथे १४८३ साली जन्मला ते घर अद्याप उभे. तिने मोबाईलवरून लांब लांब मजकूर पाठविले. मी त्यांस पत्रेच म्हणतो, कारण त्यांत पत्राचा जिव्हाळा होता.

तिने लिहिले की सारे गाव विटांचे आहे आणि एकही रस्ता सपाट नाही. दुपारी दुकाने बंद होतात, खिडक्यांच्या झडपा लागतात, आणि सायंकाळी सगळे गाव कामाशिवाय चौकात येऊन उभे राहते. "सर, कामाशिवाय," असे तिने दोनदा लिहिले होते. ड्यूक फेदेरिको ह्याच्या राजवाड्यातील एका लहानशा खोलीचे वर्णन तिने फार बारकाईने केले. त्या खोलीच्या भिंतींत उघडी कपाटे, त्यांत रचलेली पुस्तके, बाकावर टाकलेली वाद्ये दिसतात. जवळ जावे तो सगळे सपाट लाकूड. निरनिराळ्या रंगाच्या लाकडाचे तुकडे बसवून केलेला तो भास आहे. हा ड्यूक भाडोत्री सेनापती होता. दुसऱ्यांची युद्धे लढून मिळविलेल्या पैशातून त्याने ही वाचनाची खोली सजविली. "माझी खोली कशातून सजली ते मला ठाऊक आहे," असे त्या पत्राच्या शेवटी एक वाक्य होते. मी ते वाचून पुढे गेलो, आणि ते माझ्याकडून नीट वाचले गेले नाही हे मला पुढे कळावयाचे होते.

ज्या वृद्ध बाईंच्या घरी ती उतरली होती त्यांची गोष्टही सांगितली पाहिजे. त्या गावी 'क्रेशा' नावाची पदर सुटणारी पोळी करतात. आपल्या घडीच्या पोळीची बहीणच म्हणा ना. परंतु तीत डुकराची चरबी घालतात, आणि हिच्या घरी मांसाहार नाही. पहिल्या दिवशी हिने संकोचाने हात आखडला तेव्हा बाईंनी कारण विचारले, क्षणभर विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी तेल घालून वेगळ्या तव्यावर हिच्यापुरत्या पोळ्या केल्या. पदर सुटले नाहीत, म्हणून बाईंनीच क्षमा मागितली. तीन ऋणांची गोष्ट आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी व पितर ह्यांच्या ऋणांबरोबर मनुष्यऋण नावाचे चौथे ऋण सांगितले आहे, आणि ते अतिथीस आसरा व अन्न दिल्याने फिटते असे म्हटले आहे. फ्लॉरेन्सच्या अधिकाऱ्यांनी १८७० साली जे केले व ह्या बाईंनी तव्यावर जे केले ते मला एकाच जातीचे वाटते. शेजारच्या बाया हिला 'इंदियाना' म्हणत. माझ्या निरुपाधिकतेच्या सिद्धान्तास तेथेच पहिला तडा गेला होता, पण मी तो मनावर घेतला नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे पाऊस थांबेना. त्या वर्षीचा महापूर कोल्हापूर जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. पंचगंगेने शहर वेढले, राष्ट्रीय महामार्ग कित्येक दिवस बंद पडला, आणि इकडे हिरण्यकेशी पात्र सोडून शेतांत शिरली. त्या मुलीच्या घरचा दोन एकर ऊस आठ दिवस पाण्याखाली होता. शेंड्यावरून पाणी गेले की ऊस कुजतो, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. गोठ्याची भिंत बसली. गुरे वेळीच हलविली होती म्हणून वाचली. मी पाणी ओसरू लागताच त्यांच्याकडे गेलो. भाऊ चिखलात उभा होता. तो मला म्हणाला, "सर, तिला कळवू नका. आणखी तीन आठवडे हाईत तिचे. कळलं तर उठून यील."

दोन दिवसांनी तिचा मजकूर आला. तिने पुराच्या बातम्या पाहिल्या होत्या. घरी विचारले तर सगळे ठीक आहे, शेतात पाणी नाही, असे सांगतात, "सर, खरे काय ते तुम्ही सांगा." मी उत्तर लिहिले : "घरची मंडळी सुखरूप आहेत. मी स्वतः जाऊन आलो. तू मन लावून शीक." ह्यातील एकही शब्द खोटा नव्हता. 'नरो वा कुंजरो वा' म्हणणाऱ्या धर्मराजाचा रथ तेवढ्यापायी चार अंगुळे खाली आला असे भारतकार सांगतात. माझा मुळातच भुईवर चालणारा असल्यामुळे त्यास काही झाले नाही, एवढाच फरक.

ती परत आली, तिने शेत पाहिले, आणि तिसऱ्या दिवशी ती माझ्या घरी आली. रडेल अशी माझी समजूत होती. ती रडली नाही. ती म्हणाली, "सर, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला माझ्याच घरात पाहुणी केलेत."

मी समर्थन केले. म्हटले, तू काय करणार होतीस? तू आलीस म्हणून पाणी उतरले असते काय? झालेला खर्च तर गेलाच असता, वर शिकणेही बुडाले असते. तुझ्या भावाने तुझ्यासाठी तीन आठवडे विकत घेतले आणि त्याची किंमत गप्प राहून दिली. ह्यात त्याचा मोठेपणा नाही काय? ती म्हणाली, मोठेपणा आहे. म्हणूनच तो मला कळावयास हवा होता. मी आले असते असे तुम्ही धरून चाललात. कदाचित आले नसते. कदाचित राहिले असते, रोज रात्री त्याच्याशी बोलले असते, आणि राहिल्याचे ओझे माझे मी वाहिले असते. तुम्ही ते ओझे माझ्या हातात दिलेच नाहीत. मग तिने मला माझ्याच वर्गातील वाक्य ऐकविले. ॲरिस्टॉटलला निदान आपली फुरसत कोणाच्या जिवावर आहे ते दिसत होते, असे ती म्हणाली. आता ते माझे वाक्य म्हणजे त्या तत्त्वज्ञाची निंदा होती, स्तुती नव्हती. पण तिने ते उलटे धरले व माझ्यावर चालविले, आणि मला उत्तर सुचले नाही.

तिचे म्हणणे मी पुष्कळ दिवस मनात घोळविले. परोपकारासाठी खोटे बोलावे काय, ह्या प्रश्नावर कान्टने १७९७ साली लिहिलेला लहान निबंध प्रसिद्ध आहे, आणि त्याचा 'कधीही नाही' हा निकाल बहुतेकांस निष्ठुर वाटतो. मलाही वाटतो. दाराशी मारेकरी आला असता त्यास खरे सांगावे हे माझ्या गळी उतरत नाही. परंतु येथे दाराशी मारेकरी नव्हता. येथे एकवीस वर्षांची एक शहाणी मुलगी विचारीत होती, आणि उत्तर देणारे सगळे तिच्यावर माया करणारे होते. सत्य व प्रिय बोलण्यासंबंधीचे मनुस्मृतीतील वचन आपण नेहमी अर्धेच सांगतो. प्रिय असले तरी असत्य बोलू नये हा त्याचा पुढला भाग सोयीस्कर रीतीने गळून जातो. मायेच्या पोटी केलेल्या फसवणुकीस आपल्या समाजात दोष मानीत नाहीत, आणि ती फसवणूक स्त्रियांच्या व मुलांच्या वाट्यास सर्वाधिक येते. आजार त्यांना सांगावयाचा नाही, कर्ज सांगावयाचे नाही, आणि मग त्यांना व्यवहार कळत नाही म्हणून हसावयाचे.

ही रीत आपल्या पत्रांच्या मायन्यातच मुरलेली आहे. 'इकडील सर्व क्षेम' हे शब्द लिहिल्याशिवाय आपल्या वाडवडिलांचे पत्र सुरू होत नसे, मग इकडे काहीही असो. माझे एक चुलत आजोबा मराठा पलटणीत होते व दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. त्यांची दोन-तीन पत्रे आमच्या घरी आहेत. तिन्हींत 'मी खुशाल आहे' ह्याखेरीज विशेष काही नाही. त्यांच्याच पलटणीतले नाईक यशवंत घाडगे, कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे, १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले व पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय बावीस. २०२३ साली माँतोने ह्या तेथील लहान गावाने त्यांचे स्मारक उभारले आहे. तेही खोरे उर्बिनोपासून फार दूर नाही. आजोबा परत आले आणि त्या मुलखाविषयी मरेपर्यंत चिखलाखेरीज काही बोलले नाहीत. आजीने त्यांच्याबरोबर चाळीस वर्षे संसार केला, आणि नवऱ्याच्या आयुष्यातील तेवढ्या काळापुरती ती कायमची परकी राहिली. तिने कधी विचारले नाही, की विचारूनही तिला सांगितले गेले नाही, ते आता कोणी सांगू शकणार नाही.

माझा निरुपाधिकतेचा सिद्धान्त ह्या सर्वांत कोठे राहतो? थोडासा राहतो, असे माझे मत आहे. त्या मुलीनेच मला सांगितले की पहिले आठ दिवस, म्हणजे पुराची बातमी येण्यापूर्वीचे, तिच्या आयुष्यातील सर्वांत मोकळे होते, आणि ते मिळाले ह्याबद्दल ती कोणाची क्षमा मागणार नाही. परंतु कटकट ह्या अर्थाची जी घरची उपाधी, ती काढून घेतली की मनुष्य मोकळा होतो असे मी मानीत होतो. ती न विचारता काढून घेतली तर तो बेदखल होतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. शाहू महाराज १९०२ साली राज्याभिषेकाच्या समारंभासाठी विलायतेस गेले होते, आणि ते तेथे असतानाच, २६ जुलै रोजी, नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम करवीरच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. दूर गेलेल्या मनुष्यास घरच्या गोष्टींतून वगळलेच पाहिजे असा काही सृष्टिनियम नाही. अर्थात ते राजे होते; त्यांस न कळविण्याची कोणाची छाती होती?

पुढे २०२० च्या मार्चमध्ये इटलीत साथीने हाहाकार उडविला, आणि उर्बिनो ज्या प्रांतात आहे तेथे तर फारच. हिने त्या वृद्ध बाईंस विचारपूस करणारा मजकूर पाठविला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान गेले होते. प्रेतयात्रेस बंदी होती; घरच्यांपैकी कोणासही जाता आले नव्हते. बाईंनी हे सर्व काही न झाकता लिहिले होते, आणि शेवटी विचारले होते की तुमच्या गावी काय स्थिती आहे, खरे सांग. हिने ते उत्तर मराठीत करून मला वाचून दाखविले. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "सर, मी तर त्यांची चार आठवड्यांची भाडेकरू." दीडशे वर्षांपूर्वी ज्या देशाने परक्या राजास त्याच्या धर्माप्रमाणे अग्नी मिळू दिला, त्या देशात आपल्या माणसांस आपली माणसे पोचविता येईनात. हा विचार माझ्या मनात आला; तो मी बोलून दाखविला नाही.

साथीची वर्षे गेली. ती आता एका शाळेत शिकविते व इटालियनचे भाषांतराचे काम करिते. उसाच्या बिलातील रक्कम तिने भावास हप्त्याहप्त्याने परत केली. तो घेत नव्हता. तिने घ्यावयास लावली. गेल्या वर्षी उर्बिनोहून पुन्हा बोलावणे आले, ह्या वेळी तीन महिन्यांसाठी. शिफारसपत्र मी दिले आणि ते देण्यासाठी त्यांच्या घरी गेलो. वडिलांनी ह्या वेळी उपयोग विचारला नाही. जाणे पावसाळ्यात आहे काय, एवढेच विचारले. मी होय म्हणालो. भाऊ नव्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला होता. तो तिच्याकडे न पाहता मला म्हणाला, "जाऊ दे की. औंदा पानी आलं तर सांगतो तिला."